पोलीस भरती आणि अठराची वेस: वयाचा हिशेब, कागद आणि मैदान

जाहिरात निघाली, अर्ज उघडला, जन्मतारीख भरली आणि पडद्यावर उत्तर आलं: वय बसत नाही. अठरा पूर्ण व्हायला एकोणीस दिवस कमी. असा उमेदवार प्रत्येक भरतीत जवळपास प्रत्येक तालुक्यात असतो. त्याच्या घरी मग ठरलेला प्रश्न निघतो: अग्निवीराला साडेसतराव्या वर्षी घेतात, मग पोलिसात अठराच कशाला? वय खाली आणलं तर बिघडतं कुठे?

हे लिखाण सोळा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. वय खाली आणावं की नाही याचं उत्तर यात आहे, पण जास्त जागा दिली आहे ती वेस ओलांडायच्या आधीच्या वर्ष-दीड वर्षात नेमकं काय करायचं याला.

आधी आकडे

महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी किमान वय १८ पूर्ण. कमाल वय खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३. कारागृह शिपायाचंही किमान वय १८. राज्य राखीव पोलीस दलाला, म्हणजे आपण ज्याला एसआरपीएफ म्हणतो त्याला, खालची वेस तीच, पण वरची आखूड आहे: खुला २५, मागास ३०. चालक पोलीस शिपायाला मात्र १९ पूर्ण लागतात, आणि इथेच पुष्कळजण फसतात. अठराव्या वर्षी चारचाकीचा परवाना हातात आला म्हणजे चालकाचा अर्ज भरता येईल असं त्यांना वाटतं. येत नाही. शिवाय जाहिरातीत कोणत्या वर्गाचा परवाना मागितला आहे तेही बघावं लागतं, कारण वाहतूक वाहनाचा परवाना मोटार वाहन कायद्याप्रमाणे वीस वर्षांपूर्वी मिळत नाही.

वरच्या पायऱ्यांवर वेस आपोआप वर सरकते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगातून थेट पोलीस उपनिरीक्षक व्हायला १९ वर्षं आणि पदवी. आयपीएसला २१.

शिपाई पदाला बारावी उत्तीर्ण लागतं. निकालाची वाट पाहणारा उमेदवार चालत नाही. ही अट लक्षात ठेवा, कारण वयाच्या सगळ्या वादाची खुंटी तिथेच आहे.

वय सतरा केलं तर: मांडून पाहा

साडेपाच-सहाव्या वर्षी पहिलीत बसलेलं मूल साडेसतरा ते अठराच्या दरम्यान बारावी पास होतं. म्हणजे किमान वय सतरा केलं तरी बारावीच्या अटीमुळे फायदा होणार तो फार तर सहा-सात महिन्यांचा, तोही काही जणांना. दहावीवर भरती सुरू केली तरच सतराच्या वयाला अर्थ येईल, आणि शिपाई दहावी पास असावा असं आज कुणी म्हणत नाही. ठाण्यातला शिपाई फिर्याद लिहून घेतो, पंचनाम्याला उभा राहतो, मोबाइलचा पुरावा हाताळतो, कोर्टात साक्ष देतो.

कायद्याची बाजू याहून अवघड आहे. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अठराखालची व्यक्ती बालक ठरते. सतरा वर्षांच्या शिपायाला नाक्यावर उभं केलं, तर ज्या कायद्याने त्याने मुलांना सांभाळायचं, त्याच कायद्याने त्यालाही सांभाळावं लागेल. शस्त्राचं पाहा: शस्त्र कायद्याप्रमाणे सामान्य नागरिकाला बंदुकीचा परवाना एकवीस वर्षांशिवाय मिळत नाही. अठराव्या वर्षी भरती झालेल्याच्या हाती सरकार त्याआधीच रायफल देतं. ही सवलत आधीच मोठी आहे, ती आणखी ताणण्यात शहाणपण नाही.

अग्निवीराशी तुलना ऐकायला बरी वाटते, पण दोन्ही कामं वेगळी. साडेसतराला सैन्यात गेलेला मुलगा पलटणीत राहतो, डोक्यावर सतत वरिष्ठ असतो आणि त्याची गाठ रोज नागरिकांशी पडत नाही. शिपाई पहिल्या वर्षातच रात्रपाळीला एकटा किंवा जोडीने असतो, आणि समोर दारू प्यालेला माणूस असतो, मारहाण झालेली बाई असते, आमदाराचा भाचा असतो. तिथे बळापेक्षा डोकं थंड ठेवणं कामी येतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने याच कारणाने २०२१ मध्ये कायदा करून पोलिसांचं किमान वय अठरावरून एकवीसवर नेलं.

आपल्याच देशात याच्या उलट टोकही आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये सेवेत असताना मरण पावलेल्या पोलिसाच्या लहान मुलाला 'बाल आरक्षक', म्हणजे बाल शिपाई, म्हणून घेतात. मूल शाळेत जातं, अधूनमधून ठाण्यात किंवा कार्यालयात हजेरी लावतं, अर्धा पगार घरी येतो आणि अठरा पूर्ण झाल्यावर ते पूर्ण आरक्षक होतं. तो कुटुंब सावरण्याचा मार्ग आहे. त्याला किमान वय कमी करण्याचा दाखला मानू नये. महाराष्ट्रात अनुकंपा नियुक्तीसाठी वारसाचे अठरा पूर्ण व्हावे लागतात, आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो. घरात अशी वेळ आली असेल तर ती मुदत शासन निर्णयात वाचून कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत गेली की हक्क अडचणीत येतो.

खरं दुखणं वयाच्या आकड्यात नाही, भरतीच्या वेळापत्रकात आहे. २०१९ ची म्हटलेली भरती २०२१ मध्ये पार पडली. २०२१ च्या रिक्त पदांचे अर्ज नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाले आणि मैदान २०२३ उजाडल्यावर झालं. २०२२-२३ च्या पदांचे अर्ज मार्च २०२४ मध्ये, मैदान १९ जून २०२४ पासून, ऐन पावसात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्याचे अठरा पूर्ण व्हायला एक दिवस कमी होता, त्याचा एक दिवस गेला नाही, सोळा महिने गेले. म्हणून मोर्चे निघतात ते वरचं वय वाढवण्यासाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे पंधरा हजार पदांना मंजुरी देताना वय उलटून गेलेल्यांना एकदा संधी दिली, तीही याच दिरंगाईची भरपाई.

तेव्हा कुणाला निवेदन द्यायचंच असेल तर 'वय सतरा करा' असं लिहू नका, ते पहिल्या टेबलावरच थांबेल. नियमाचं नाव लिहा: महाराष्ट्र पोलीस शिपाई (सेवाप्रवेश) नियम, २०११. ते गृह विभागाचे आहेत, म्हणून पत्र अपर मुख्य सचिव, गृह विभाग यांच्या नावे, प्रत पोलीस महासंचालक कार्यालयाला आणि आपल्या आमदारांना. मागणी एवढीच करा की किमान वय अर्जाच्या तारखेला न मोजता प्रशिक्षणाला रुजू होण्याच्या तारखेला मोजावं. अर्ज आणि रुजू होणं यांत बरेच महिने जातात. एकोणीस दिवसांनी हुकलेला मुलगा तोवर सहज अठराचा होतो. न्यूयॉर्क शहर पोलिसात याच धर्तीची सोय आहे: परीक्षा साडेसतराव्या वर्षी देता येते, नेमणूक मात्र एकवीस झाल्यावरच. अशी मागणी पटवता येते, कारण तिने अठराखालचं कुणीही वर्दीत येत नाही.

तुमचा दिवस कोणता, ते काढा

वय कोणत्या तारखेला मोजणार हे जाहिरातीत दिलेलं असतं. साधारणपणे ती अर्जाची शेवटची तारीख असते, पण 'साधारणपणे' या शब्दावर वर्ष घालवू नका. समजा ती तारीख ३० नोव्हेंबर २०२६ आहे. ज्याचा जन्म ३० नोव्हेंबर २००८ किंवा त्याआधीचा, तो अठराचा झाला. १ डिसेंबर २००८ चा झाला नाही. जन्म आणि मोजणीची तारीख एका दिवसाच्या अंतरावर असेल तर जाहिरातीतलं वाक्य अक्षरशः वाचा आणि शंका मदत क्रमांकावर लेखी स्वरूपात विचारा.

अर्जाची मुदत बऱ्याचदा वाढते. मुदत वाढली म्हणजे वयाची तारीखही सरकली असं धरू नये. शुद्धिपत्रकात तसं लिहिलं असेल तरच सरकते.

जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतात. आपल्याकडे आजी-आजोबांच्या, काही घरांत आई-वडिलांच्याही पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. आता जन्मदाखले आल्याने हे कमी झालं, तरी दाखल्यावर एक आणि शाळेच्या दप्तरात दुसरी तारीख असं अजून सापडतं. दुरुस्ती शाळेत असतानाच करून घ्या, मुख्याध्यापकांमार्फत, दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी. शाळा सोडल्यावर केवळ लेखनाची चूक असेल तरच काही हालचाल होते, तीही मंडळाच्या पायऱ्या झिजवून. 'वय कमी लावलं तर पुढे जास्त संधी मिळतील' असा हिशेब करून काही पालक पूर्वी तारीख पुढे ढकलत, आणि आज त्याच मुलाचं अठराला घोडं अडतं.

कागद: अठराची वाट न बघता

पुढे दिलेल्यांतला एकही कागद अठरा होईपर्यंत थांबवायची गरज नाही. पालकाच्या नावाने अर्ज करून सोळा-सतराव्या वर्षी निघतात.

आधार, दहावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला या तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकाच क्रमाने आणि एकाच लेखनात हवं. 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेलं असतं आणि कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर त्याचा निकाल लागतो. आधार दहावीप्रमाणे दुरुस्त करून घ्या, दहावी आधारप्रमाणे नाही.

अधिवास दाखल्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि शाळेचे दाखले सलग असले तर तो सहज निघतो. आश्रमशाळा किंवा ऊसतोडीमुळे शाळा बदललेल्या मुलांनी मधल्या प्रत्येक शाळेचा दाखला आधी गोळा करावा. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. कर्नाटकातल्या सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषक उमेदवारांनाही महाराष्ट्राच्या भरतीत अर्ज करता येतो. त्यांनी तहसीलदाराचा वास्तव्याचा दाखला जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातच घ्यावा.

मागास प्रवर्गात नॉन-क्रीमी लेअर दाखल्याने जितके अर्ज बाद होतात तितके मैदानावर पडूनही होत नसतील. दाखला असतो, पण आर्थिक वर्ष चुकतं किंवा अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरचा असतो. जाहिरातीत कोणत्या वर्षाचा, कोणत्या तारखेपर्यंत दिलेला चालेल हे स्पष्ट लिहिलेलं असतं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही तसंच. हे दोन दाखले दर एप्रिल-मेमध्ये, कॉलेज प्रवेशाची गर्दी सुरू होण्याआधी सेतू केंद्रातून नवे करून घ्यायची सवय लावा. जुने फेकू नका.

बारावीला एखादा विषय राहिला तर घाबरून वर्ष सोडू नका. पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात होते. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी तिचा निकाल हाती असला की झालं.

अर्जासाठी मोबाइल क्रमांक आणि ई-मेल स्वतःचा द्या. नेट कॅफेवाल्याच्या ई-मेलवर अर्ज भरून प्रवेशपत्र हुकलेले उमेदवार दर वेळी निघतात. मागच्या भरत्यांमध्ये शुल्क खुल्याला ४५० आणि मागासाला ३५० रुपये होतं. एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्यात किंवा आयुक्तालयात, अर्ज करायचा असतो. दोन जिल्ह्यांत शिपाई पदाचा अर्ज भरला तर संधी दुप्पट होत नाही, उमेदवारीच अडचणीत येते. जिल्हा निवडताना एकूण जागा पाहू नका, तुमच्या प्रवर्गाच्या जागा पाहा. महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, गृहरक्षक अशा समांतर आरक्षणात बसत असाल तर त्या रकान्यातल्या जागाही बघा.

मैदान: सतराव्या वर्षी काय करावं, काय करू नये

जून २०२२ च्या बदलानंतर मैदानी चाचणी आधी आणि लेखी नंतर असते. मैदान ५० गुणांचं, त्यात किमान २५ हवेत, आणि पात्र झालेल्यांतून एका जागेला दहा या प्रमाणात लेखीला बोलावतात. २०२४ मध्ये १७ हजार ४७१ पदांना सतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. त्यामुळे २५ गुण ही कागदावरची वेस. त्यावर थांबणारा लेखीच्या खोलीपर्यंत पोचत नाही.

मुलांना १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर, बाकी गुणांची वाटणी तीच. पूर्ण गुणांसाठी मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत आणि गोळा साडेआठ मीटर. मुलींनी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, १०० मीटर चौदा सेकंदांत आणि गोळा सहा मीटर. एसआरपीएफचं मैदान १०० गुणांचं: ५ किलोमीटर ५० गुण, १०० मीटर २५, गोळा २५.

आता हेच आकडे फेऱ्यांमध्ये वाचा. चारशे मीटरच्या मैदानावर ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे चार फेऱ्या, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंद. मुलींच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी ८५ सेकंद. सतराव्या वर्षी होणारी हमखास चूक म्हणजे पहिली फेरी पासष्ट सेकंदांत मारणे. तिसऱ्या फेरीला पाय शिशाचे होतात आणि एकूण वेळ सहाच्या वर जाते. फेऱ्या समान ठेवण्याची सवय हेच अर्धं प्रशिक्षण.

पहिले सहा ते आठ आठवडे वेगाचं नाव काढू नका. आठवड्यातून चार दिवस, पंचवीस-तीस मिनिटं, शेजारच्याशी बोलता येईल अशा गतीने धावा, शक्यतो मातीवर किंवा गवतावर. पहाटे डांबरी रस्त्यावर रोज आठ-दहा किलोमीटर पळणारी पोरं दोन महिन्यांत नडगी धरून बसतात. नडगीच्या आतल्या कडेला बोटभर जागा दाबल्यावर दुखत असेल तर दहा-बारा दिवस धावणं बंद, सायकल किंवा पोहणं चालू. दुखत असताना पट्टी बांधून पळालात तर हाडाला तडा जाऊ शकतो, आणि मग तीन महिने गेले.

त्यानंतर आठवड्यात एक दिवस चारशे मीटरच्या पाच-सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं चालणं, प्रत्येक फेरी आपल्या लक्ष्याच्या वेळेत. एक दिवस तीस ते साठ मीटरच्या सहा-आठ जोरदार धावा, उभ्याने सुरुवात करून. दर तीन आठवड्यांनी पूर्ण १६०० किंवा ८०० ची वेळ घ्या, त्याच मैदानावर, त्याच वेळी. अंतर टेपने मोजा. मोबाइलवरचं अंतर वळणांवर चुकतं, आणि घरी ५ मिनिटं २० सेकंदांत पळणारा पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर ५ मिनिटं ५० सेकंदांना येऊन 'घड्याळच खोटं' म्हणतो. बऱ्याच मुख्यालयांत फेरी चारशेपेक्षा लहान असते. फेरी लहान म्हणजे वळणं जास्त, म्हणजे दोन-चार सेकंद गेलेच.

शंभर मीटरमध्ये साडेअकरा सेकंद सहसा मुरलेला धावपटूच काढतो. त्यामागे लागून मांडीचा मागचा स्नायू फाडून घेऊ नका. तुमच्या आजच्या वेळेतून एक सेकंद कमी झाला तरी गुणांची एक पायरी चढता. हा सेकंद पहिल्या वीस मीटरमध्ये दडलेला असतो.

गोळ्याकडे जास्त लक्ष द्या, कारण अठराखालच्यांची सगळ्यात मोठी दुखापत इथे होते. भरतीत मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. हे प्रौढांचं वजन. जागतिक स्पर्धांमध्ये अठराखालील मुलांना ५ किलो आणि मुलींना ३ किलोचा गोळा देतात, वीसखालील मुलांना ६. यामागे कारण आहे: या वयात हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण झालेली नसते, आणि खांदा, कोपर, मनगट यांवर जड गोळ्याचा ताण तिथेच बसतो. म्हणून सोळा-सतराला मुलांनी ४ किंवा ५ किलोवर पद्धत बसवावी, सतराच्या अखेरीस ६ वर यावं आणि भरतीच्या तीन-चार महिने आधी ७.२६० उचलावा. आठवड्यातून दोनच दिवस, एका वेळी वीस-पंचवीस फेकी. त्यापुढे फेकी वाढल्या तर अंतर वाढत नाही, कोपर सुजतं.

पद्धत थोडक्यात अशी. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळांवर. मानेला हनुवटीखाली टेकवलेला. कोपर खांद्याच्या रेषेत, मागे लोंबलेलं नाही. वजन मागच्या वाकलेल्या पायावर. जोर पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात, आणि हात सगळ्यात शेवटी. क्रिकेटचा चेंडू फेकल्यासारखा गोळा फेकणारा फाउल होतो आणि खांदाही घालवतो. वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर असतो. जमिनीवर चुन्याने तेवढं वर्तुळ आखून आतच सराव करा. मोकळ्या जागेत नऊ मीटर टाकणाऱ्याचा पाय वर्तुळात आल्यावर हमखास पुढे पडतो आणि फेक बाद होते.

ताकदीसाठी व्यायामशाळेची वर्गणी लागत नाही. जोर, बैठका, पुलअप, दोरी, टेकडीवर चढ. जेवणात भाकरी, डाळ, उसळी, शेंगदाणे, दूध, अंडी. डबाबंद पावडर या वयाला लागत नाही. 'सर देतात ते इंजेक्शन' तर कधीच घेऊ नका, मग अकादमी कितीही मोठी असो. मुलींनी सुरुवातीलाच हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ते बाराच्या खाली असेल तर ८०० मीटरचा वेळ सरावाने सुधारत नाही. लोह भरून निघालं की आपोआप सुधारतो.

उंची

मुलांना १६५ सेंटीमीटर, मुलींना १५५. एसआरपीएफला मुलांना १६८. चालक पदाला मुलींना १५८. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून किमान ५ सेंटीमीटर जास्त.

सतराव्या वर्षी १६४ भरणाऱ्या मुलाने आशा सोडू नये. मुलांची वाढ अठरा-एकोणीसपर्यंत थोडीफार चालू असते. वय कमी करण्याच्या मागणीला इथे एक गमतीचं उत्तर मिळतं: सतराला मोजलं असतं तर हाच मुलगा बाद झाला असता. मुलींची वाढ मात्र बहुधा पंधरा-सोळाला थांबते, त्यामुळे सतराला १५३ असेल तर दुसरा मार्ग आतापासून पाहावा. लोंबकळून किंवा औषध पिऊन उंची वाढत नाही. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटर उंच भरतो, एवढंच हाती आहे. म्हणून काठावरच्याने मोजणीच्या दिवशी आदल्या रात्रीपासून ताटकळत उभं राहू नये, जमेल तितका वेळ आडवं पडावं. घरी मोजताना टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला, डोक्यावर काटकोनात पुस्तक, पाय अनवाणी. तीन वेळा मोजून सर्वांत कमी आकडा खरा धरा.

छातीत बहुतेकांची चूक फुगवण्यात नसते, श्वास सोडण्यात असते. पूर्ण श्वास सोडून ७९ भरत असेल तरच फरक ५ चा दिसतो. घाबरून अर्धी छाती आधीच फुगवून उभे राहिलात की फरक तीनवर थांबतो.

लेखी आणि चारित्र्य

लेखी १०० गुणांची, नव्वद मिनिटांची: अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण. किमान ४० टक्के हवेत, आणि उत्तर चुकलं म्हणून गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा ठेवू नये. एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात. बारावीतून नुकत्याच बाहेर पडलेल्याला इथे पंचविशीच्या उमेदवारापेक्षा फायदा असतो: शेकडेवारी, काळ-काम-वेग, समास आणि प्रयोग अजून डोक्यात ताजे असतात. रोज दीड तास, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. चालू घडामोडींसाठी जाडजूड पुस्तकापेक्षा रोजचं मराठी वर्तमानपत्र आणि त्यातून स्वतः काढलेली वही.

निवडीनंतर चारित्र्य पडताळणी होते. अठरा पूर्ण झाल्यावर गणपती मिरवणुकीतली हाणामारी, दहीहंडीतला राडा, मोबाइलवर पाठवलेली भडकाऊ चित्रफीत या सगळ्यांचा गुन्हा प्रौढ म्हणून नोंदला जातो. त्याआधी काही घडलं असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ बालकाला अपात्रतेपासून संरक्षण देतं. सोळा पूर्ण झालेल्या आणि प्रौढ म्हणून खटला चाललेल्यांना मात्र ते नाही. साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, जे विचारलं असेल ते वकिलाला दाखवून खरं भरा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालानंतर क्षुल्लक प्रकरणात माहिती दडवली असेल तर ती माफ करायची की नाही हे नेमणूक करणारा अधिकारी ठरवतो. तुमचं भवितव्य त्याच्या हाती देण्याचं कारण नाही.

निवड झाली तर, आणि नाही झाली तर

प्रशिक्षण साधारण नऊ महिन्यांचं, खंडाळा, मरोळ, जालना, अकोला, नागपूर, सोलापूर, तुरची अशा केंद्रांत. अठराव्या वर्षी गेलेल्यांना कवायत जड जात नाही, कायद्याचे तास जड जातात. रुजू झाल्यावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवीला नाव घाला. परवानगीचा अर्ज आधी, प्रवेश नंतर. बावीस-तेविसाव्या वर्षी पदवी हातात आली की उपनिरीक्षकाचा दरवाजा वर्दीत राहूनच उघडतो.

पहिल्या प्रयत्नात झालं नाही तर खुल्या प्रवर्गात शिपाई पदाला दहा वर्षं आहेत, मागास प्रवर्गात पंधरा. एसआरपीएफला मात्र सात आणि बारा, म्हणून पहिली एक-दोन वर्षं तो अर्जही सोबत भरत जा. मैदानावरून परत आल्यावर त्याच संध्याकाळी तिन्ही प्रकारांचे गुण, वेळ आणि अंतर वहीत वेगवेगळं लिहा. पुढच्या जाहिरातीपर्यंत वर्षभर हाताशी असेल. ज्या प्रकारात सगळ्यात कमी गुण आहेत त्याला सरावाचे निम्मे दिवस द्या.